मल्लप्पाअण्णा आले की रेषा पडायची

नोकरीच्या इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर 'प्लास्टिकवाल्या मॅडम' या नावाचा. कलबुर्गीच्या एका विज्ञानसंस्थेत, पॉलिमर विभागात, मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. माहेर ठाणाकुशनूरचं, औराद तालुक्यातलं. तिकडे गेले की बाया फुटक्या बादल्या घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "ताई, हिची चीर बुजल का बघा." चीर बुजवणं हे माझं काम नाही, असं सांगितलं की त्यांचं तोंड पडायचं. शेवटी मी एक-दोन बादल्या खरंच डागून दिल्या.

औरादच्या बाजारात बियाणं विकणारे एक गृहस्थ तर थेट प्रयोगशाळेत आले होते. आम्ही प्लास्टिकमधून वीज खेळवतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांना रानडुकरांना झटका देणारी प्लास्टिकची दोरी हवी होती. मी त्यांना समजावलं, की काका, आम्ही मोजतो त्या विजेनं मुंगीलासुद्धा गुदगुली होणार नाही. त्यांनी छताकडे पाहिलं, यंत्रांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग येवढी मोठी बिल्डिंग कामून बांधलीय?" चहा पाजून त्यांना वाटेला लावलं.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण नोकरीतली एखादी आठवण लिहा, असं या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं तेव्हा मनात आले ते मल्लप्पाअण्णा. आमच्या विभागात भांड्यांतली हवा उपसून काढायचा पंप होता, त्याचे मेकॅनिक. त्यांच्यापायी एक रेषा दोन महिने रोज खाली पडत होती. त्या रेषेला एका मुलीची पदवी टांगलेली आहे, असं आम्ही सगळे समजत होतो. टांगलेला होता तो अण्णांचा जीव.

पुढचं कळायला थोडं विज्ञान लागेल. घाबरू नका, मी बादलीवाल्या बायांनाही हे समजावलेलं आहे.

प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. साध्या प्लास्टिकच्या साखळीतून वीज जात नाही, म्हणून तर आपण ते वायरीवर चढवतो. पण काही साखळ्यांच्या कड्या अशा जोडलेल्या असतात, एक बंध दुहेरी, पुढचा एकेरी, पुन्हा दुहेरी, की त्यातले इलेक्ट्रॉन एका कडीचे होऊन राहत नाहीत. ते साखळीभर हिंडतात. अशा पदार्थांना सेंद्रिय अर्धवाहक म्हणतात. हल्लीच्या चांगल्या मोबाइलच्या पडद्यावर जे रंग उजळतात, ते याच जातकुळीतल्या पदार्थांचे.

आता हे इलेक्ट्रॉन किती दूर हिंडणार, हे साखळीच्या ठेवणीवर असतं. आमच्या साखळीला कडीकडीवर बाजूला एकेक फांदी फुटलेली असे. सगळ्या फांद्या एकाच रीतीनं लागल्या, तर साखळी सरळ पडते आणि सरळ साखळ्या एकमेकींना बिलगून थर धरतात. फांद्या उलटसुलट लागल्या, तर त्या एकमेकींना ढकलतात आणि साखळी पिळवटते. कडब्याची पेंढी बांधताना बुडखे एकीकडे आणि शेंडे एकीकडे ठेवतात ना, तसं. ज्वारीची ताटं उलटसुलट भरली तर पेंढी आवळत नाही. दोन्ही साखळ्यांत अणू तेच, वजन तेच. तरी पिळवटलेलीचा रंग केशरी आणि वीज जवळजवळ नाहीच. सरळ साखळीचा रंग जांभळा आणि तिच्यातून वीज कितीतरी पटींनी जास्त.

एवढ्या वर्षांत अंगवळणी न पडलेली एक गोष्ट सांगते. सरळ साखळीचं गरम द्रावण केशरी दिसतं, कारण उष्णतेनं साखळ्या सुट्या आणि वाकड्यातिकड्या झालेल्या असतात. ते टेबलावर तसंच ठेवलं, की थंड होताना साखळ्या सरळ होऊ लागतात, एकमेकींशेजारी जाऊन बसतात आणि बाटली हळूहळू जांभळी होते. कुणी हात लावलेला नसतो. भर दुपारच्या उन्हात, शांत खोलीत, बाटलीच्या आत कोणीतरी उठून बसतंय असं वाटतं. मी हे शेकडो वेळा पाहिलंय, पण त्या बाटलीकडे पाठ करून बसायला मला कधीच आवडलं नाही.

नाझिया आमच्याकडे पीएच.डी. करत होती. घर कलबुर्गीतच, बोलणं दखनी, हात अतिशय स्वच्छ. तिनं सतरा वेळा साखळी बनवली, तेव्हा सतराव्या खेपेला फांद्या मनासारख्या लागल्या. आम्ही त्या साखळीला सतरा नंबरच म्हणायचो. काचेच्या पट्टीवर तिचा पातळ थर दिला, की त्याला आम्ही फिल्म म्हणतो. ती सतरा नंबरची फिल्म इतकी सुरेख होती, की आमचे सर चष्मा काढून बघत बसले. शेजारी तुलनेसाठी बारा नंबरची फिल्म ठेवली. ती पिळवटलेल्या साखळ्यांची, केशरी आणि मठ्ठ.

फिल्ममधून वीज नीट वाहायला आणखी एक गोष्ट करतात. एका क्षारानं साखळीतले थोडे इलेक्ट्रॉन काढून घेतात. जागा रिकाम्या झाल्या, की बाकीच्यांना सरकायला वाव मिळतो. असं केलं की जांभळी फिल्म निळसर पडते. नाझियाला बघायचं होतं, की रोजच्या साध्या हवेत ती किती दिवस टिकते. म्हणून दोन्ही फिल्म एका काळ्या पेटीत ठेवल्या. आत उजेडाचा कण जात नव्हता, फक्त एक छोटा पंखा खोलीतली हवा आत ओढायचा. संगणकाच्या पडद्यावर दोघींच्या विजेच्या दोन रेषा दिवसभर सरकत राहायच्या.

तिसऱ्या दिवशी सतरा नंबरची रेषा अकराच्या सुमाराला खाली पडली. तासाभरानं वर आली. चारच्या पुढे पुन्हा पडली. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तेच.

आम्ही काय काय तपासलं म्हणून सांगू. विजेचा दाब, खोलीचं तापमान, वायरींचे सांधे, पंपाची थरथर. सुट्टीच्या दिवशी मात्र रेषा सरळ. नाझिया रडकुंडीला आली. सर म्हणाले, तुमच्याच हातून काहीतरी होतंय. ते मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी पडद्यासमोर ठाण मांडलं, की कोण येतं, कोण जातं, सगळं लिहायचं.

अकरा वाजता मल्लप्पाअण्णा आले. हे बिदरजवळच्या कमठाण्याचे, धनगर घरातले. वडील मेंढरं राखायचे, अण्णांनी आयटीआय केलं. आमच्याशी मराठी, सरांशी कन्नड, नाझियाशी दखनी, आणि पंपाशी तिन्ही भाषांतल्या शिव्या. सकाळी आणि दुपारी येऊन पंपाचं तेल आणि आवाज बघून जायचे. त्या दिवशीही आले, वाकून पंपाला कान लावला, मला म्हणाले, "अक्का, काय लिहायलात? माझी हजेरी काय?"

मी हसले आणि पडद्याकडे पाहिलं. रेषा घसरायला लागली होती.

त्यांना मी दोन तासांनी पुन्हा बोलावलं, पंपाचा खोटा आवाज सांगून. रेषा पडली. दुसऱ्या दिवशी सरांना उभं केलं, शिपायाला उभं केलं, शेजारच्या विभागातले चारजण आणून उभे केले. रेषा हलली नाही. अण्णा आले, पडली. बारा नंबरची केशरी फिल्म त्याच पेटीत, तीच हवा घेत होती. तिच्या रेषेला काही पत्ता नव्हता. तिच्यातून मुळात वीजच इतकी कमी वाहत होती, की कमीजास्त झालेलं कळणार तरी कसं? सरळ साखळ्यांच्या फिल्मलाच अण्णा कळत होते.

"अक्का, देखो, फिर गिरा," नाझिया पुटपुटली.

सगळ्यात वाईट म्हणजे अण्णा निघून गेल्यावरही रेषा लगेच वर येत नसे. खोली रिकामी असायची, दार बंद, आणि पडद्यावरची रेषा सांगत असायची, की ते अजून इथंच बसलेत. मी एकदा पंपाच्या बाजूला वळूनही पाहिलं. आपण विज्ञानाच्या बाई आहोत याची लाज वाटली, तरी पाहिलं.

आम्ही अण्णांना सांगितलं. ते आधी खूप हसले. "मी काय भूत हाय काय?" पुढे आठवडाभर पोरं त्यांना 'करंट मारणारे अण्णा' म्हणायची आणि तेही आ वासून त्यांच्या अंगावर जायचे. मग आमची चौकशी सुरू झाली, तसं त्यांचं हसणं कमी झालं. सर म्हणाले, तंबाखू असेल. त्यांनी तंबाखू सोडला. मी म्हटलं, केसांचं तेल असेल. ते कोरड्या डोक्यानं आले. मग कपड्यांचा साबण झाला, खिशातलं नाणं झालं, हातातलं कडं झालं. कमठाण्याच्या त्या माणसानं बायको गेल्यावरही काढलं नव्हतं ते तांब्याचं कडं माझ्या सांगण्यावरून साबण लावून ओढून काढलं. रेषा तशीच पडली.

शेवटी मी दाराच्या आत दोन हातांवर जमिनीला पिवळी पट्टी चिकटवली. अण्णांनी पट्टीच्या बाहेर उभं राहायचं. पंपाचा आवाज तिथूनच ऐकायचा. तेल मी बघेन आणि ओरडून सांगेन.

इथं मला एक कबूल करायचंय. माझे आजोबा औरादच्या बाजाराला जायचे तेव्हा चहाच्या टपरीवर त्यांची कपबशी वेगळी असायची, बाहेरच्या खुंटीवर. चहा पिऊन ती त्यांनीच धुवायची. छप्पन्न साली धम्म घेतला आणि आमच्या घरानं ती खुंटी कायमची सोडली. हे ऐकत मी वाढले. आणि मीच एका माणसाला सांगत होते, की तुमच्या असण्यानं बाटतंय, तिथं उभे राहा. मला हे तेव्हा दिसलं नाही. पट्टी सरळ चिकटली का, एवढंच मी बघत होते. अण्णांचा चहासुद्धा आम्ही पट्टीपलीकडे स्टुलावर ठेवायला लागलो. त्यांनी त्यावरून कधी कुरकुर केली नाही, म्हणून मला वाटलं की त्यांना काही वाटत नाही.

पट्टीनं पडझड कमी झाली, थांबली नाही. उलट दिवसेंदिवस रेषेतला खड्डा खोल होत गेला. एके दिवशी अण्णा आलेलेच नव्हते आणि अकरा वाजता रेषा पडली. नाझिया खुर्चीतून उठली. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी दार उघडून बघितलं, बाहेर कोणी नाही. मग खिडकीतून खाली वाकले. बरोबर खिडकीखाली, बाहेरच्या कट्ट्यावर, अण्णा भिंतीला टेकून झोपले होते. तोंड उघडं, चेहरा फुगलेला. आत यायची ताकद नव्हती म्हणून तिथं बसले आणि डोळा लागला. पेटीतल्या अंधारात फिल्मला ते आमच्याआधी कळले होते.

मी त्यांना उठवलं. म्हणाले, "दमायलोय अक्का हल्ली. तोंडाला चव न्हाई. निस्तं लोखंड चघळल्यावानी लागतंय."

"पायाला काय झालं?" मी विचारलं. चपलेचे पट्टे पायात रुतले होते.

"सुजायलेत."

"मोठ्या मापाची घ्या की मग चप्पल," मी म्हटलं. आणि त्यांना खिडकीपासून लांब जाऊन बसा म्हणून सांगितलं.

हे वाक्य माझं आहे.

त्यानंतर दोन दिवसांनी अण्णांनी सुट्टी टाकली. अर्जावर कारण लिहिलं होतं, 'घरगुती'. रेषा सरळ झाली. आठवडाभर पडद्यावर सुतासारखी सरळ. नाझियाचं काम भराभर पुढं सरकलं, सर खूश झाले. मला मात्र त्या सरळ रेषेकडे बघवेना. काहीतरी गेलं होतं खोलीतून आणि आम्ही पेढे वाटल्यासारखे वागत होतो.

मग सफाई करताना मला एक काचपट्टी सापडली. सतरा नंबरचीच, निळसर केलेली, कधीतरी दाराशेजारच्या मांडणीवर राहून गेलेली. एका बाजूला अर्धं झाकण होतं. झाकलेला भाग निळसर होता. उघडा भाग, जो दाराकडे होता, पट्टीबाहेर अण्णा उभे राहायचे तिकडे, तो पुन्हा जांभळा झाला होता. म्हणजे काढून घेतलेले इलेक्ट्रॉन साखळीला कुणीतरी परत दिले होते. मी ती काचपट्टी नाझियापुढे धरली. ती उठली, रसायनांच्या कपाटातून अमोनियाची बाटली काढली, खोलीच्या टोकाला जाऊन बूच जरासं उघडलं आणि लगेच लावलं.

रेषा पडली. तशीच घसरली, तितकाच वेळ खाली राहिली, तशीच रेंगाळत वर आली. आम्ही अण्णांची जुनी नोंद शेजारी लावली. दोन्हींत फरक करता येत नव्हता.

अमोनियानं ही फिल्म मरगळते, हे आमच्याकडचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण अमोनिया बाटलीत असतो. तो माणसात शोधायचा असतो, हे आम्हाला सुचलं नव्हतं.

"अण्णा के सांस में है, अक्का," नाझिया म्हणाली. "मेरे नाना को था. आखरी में. गुर्दे खराब हुए थे उनके."

मूत्रपिंडं थकली, की रक्तातली घाण बाहेर पडत नाही. ती अंगात साठते आणि श्वासातून अमोनिया होऊन बाहेर येते. आमच्या नाकाला तो वास लागत नव्हता, आम्ही त्यांच्या इतकं जवळ गेलोच कुठं होतो? पण सरळ साखळ्यांना लांबूनही लागत होता. खड्डा रोज खोल होत होता, कारण अण्णा रोज खचत होते.

त्यांचा फोन बंद. मी सरांना न विचारता सकाळची बस धरली. बिदर, तिथून कमठाणा. ऊन डोक्यावर आलं होतं. लाल मातीच्या बोळात कुणालाही विचारलं की घर सांगायचे, पण सांगताना आवाज खाली करायचे. एक बाई म्हणाली, "जवळ जाऊ नका ओ बाई. त्याच्यावर काहीतरी हाय."

अण्णा घरात नव्हते. अंगणाच्या पार टोकाला, जिथं पूर्वी मेंढरं कोंडत असत, तिथं पत्र्याच्या सावलीत पोतं टाकून बसले होते. तोंड ओळखू येऊ नये इतकं सुजलेलं. शेजारी तांब्या आणि झाकलेली वाटी. दारात त्यांची लेक लक्ष्मी उभी होती, पोटुशी, दिवस भरत आलेले. रडून तिचे डोळे लाल झाले होते.

"येऊ देईनात मला जवळ," ती म्हणाली. "म्हणायलेत, माझी सावली तुझ्या लेकरावर पडल. आठ दिस झाले, भायरच हायेत."

आम्ही त्या माणसाला दोन महिने दाखवून देत होतो, की तुम्ही आलात की चांगली वस्तू बिघडते. त्यानं बिचाऱ्यानं ते खरं मानलं. यंत्र सांगतंय, शिकलेले लोक सांगतायत, मग असेलच ना. गावाकडे येऊन त्यांनी देवरुषाला विचारलं. त्यानं सांगितलं, अंगावर कोणाची तरी छाया आहे. उंबरा ओलांडू नको, गरवार बाईपासून लांब राहा, हा मुळीचा काढा रोज घे. वाटीत तो काढा होता. आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर तो आठ दिवस पडत होता.

मी त्यांच्याकडे निघाले, तसा त्यांनी हात वर केला. "अक्का, तितंच थांबा. तुमाला ठावं हाय ना माझं."

मी थांबले नाही. जाऊन त्या पोत्यावर त्यांच्याशेजारी बसले. इतक्या जवळून पहिल्यांदा मला तो उग्र वास आला.

"अण्णा, ऐका. तुमच्या अंगात कोणी न्हाई. तुमची किडनी गेलीय."

त्यांनी वर केलेला हात खाली घेतला.

"मग ती रेषा?"

"किडनी बिघडली की श्वासात वायू येतोय. बाटलीतला अमोनिया असतोय ना, त्योच. ती फिल्म त्याला भेतीय, तुमाला न्हाई. नाझियानं बाटली उघडून बघितली. तशीच पडायली रेषा. तशीच."

"बाटलीनं बी पडली?"

"व्हय."

"म्हंजे... निस्ता आजार हाय?"

"आजारच हाय अण्णा. मोठा हाय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय."

त्या सुजलेल्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी जन्मात विसरणार नाही. ते हसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. मग जेवढा आवाज होता तेवढा काढून दाराकडे ओरडले, "लक्ष्मे! अगं, आजार हाय मला! निस्ता आजार! ये इकडं!"

लक्ष्मी पोट सावरत धावत आली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि किती तरी वेळ काढलाच नाही. किडनी गेल्याची बातमी ऐकून इतकं आनंदलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

बिदरच्या दवाखान्यात त्याच दिवशी डायलिसिस सुरू झालं. डॉक्टर तरुण होते, तोडून बोलत नव्हते, पण बाहेर घेऊन मला म्हणाले, की दोन महिने आधी आणलं असतं तर थोडंफार वाचवता आलं असतं. मी मान हलवली. दोन महिने म्हणजे नेमके कोणते दोन महिने, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तास आणि मिनिटं धरून ते माझ्याकडे लिहिलेले होते.

अण्णा त्यानंतर सव्वा वर्ष जगले. नातू बघितला, मांडीवर घेतला. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ते कधीकधी प्रयोगशाळेत यायचे. पट्टी मी नखांनी खरवडून काढली होती. ते पेटीशेजारी उभे राहायचे आणि रेषा जागची हलायची नाही. तेव्हा ते नाझियाला म्हणायचे, "देखे बेटी? आज अपन साफ है." नाझियाचा प्रबंध झाला, नावाजला गेला. श्वासातल्या अमोनियावर एक वेगळं प्रकरणच तिनं लिहिलं. आभारात अण्णांचं नाव आहे. पहिलं आहे.

सगळं निस्तरलं असं मला वाटत होतं. त्यांनी आम्हाला कधी बोल लावला नाही, आणि मीही कधी माफी मागितली नाही. ती मागायची राहूनच जायची.

शेवटच्या पावसाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. डायलिसिस चालू होतं. नळीतून त्यांचं रक्त यंत्रात जात होतं आणि परत येत होतं. लेकीच्या, नातवाच्या गोष्टी झाल्या. मग ते सहज म्हणाले, अजिबात रागानं नाही, पंपाबद्दल विचारावं तसं,

"अक्का, एक विचारू काय?"

"विचारा की."

"ती रेषा पडायलीय, ते तुमाला रोज दिसायलं. वहीत बी लिहिलं तुमी. मग एकदा बी, अण्णा, तुमाला बरं हाय का, असं कामून न्हाई विचारलं कुणी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आल्यापासून मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. यंत्राच्या पडद्यावरचे आकडे वाचत होते.